राहीबाईच्या नवऱ्याचे डोळे

या पेजवर गोष्ट टाकली की खाली पहिली कमेंट ठरलेली असते. "भावा, स्टोरी एक नंबर, पण काल्पनिक ना?"

नाही. काल्पनिक नाही. पटलं तर वाचा, नाहीतर अंगठा वर सरकवा, माझं काही अडलेलं नाही. पण ज्या माणसाच्या बाबतीत हे घडलं तो माझ्या घरचा आहे, आणि त्याच्यावरून कुणी चेष्टा केलेली मला खपणार नाही.

आणखी एक. भुतंखेतं रात्री बारालाच येतात, हे तुम्हाला कुणी सांगितलं?

हे सगळं सुरू झालं भर दुपारी. दोन वर्षांपूर्वीचा एप्रिल, सांगलीत, विश्रामबागेत. डांबराला चपला चिकटत होत्या असं ऊन.

संयोगिताताई माझी मावसबहीण. चित्रकार आहे. तिची चित्रं पुण्या-मुंबईला लागतात, पेपरात नाव येतं, पण घरातला फॅन पुसायचा असला तरी सिद्धूलाच फोन. सिद्धू म्हणजे मी. कुपवाडला माझं फ्रेम बनवायचं शेड आहे. ताई तोंडाची फटकळ. तिच्यापुढं लग्नाचा विषय काढायचा नाही. मी एकदा काढला, तर बाईनं पुढच्या प्रदर्शनाच्या सगळ्या फ्रेमा दुसऱ्याकडून करून घेतल्या.

घरात ती आणि तिचे वडील, हिंदुराव. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो. फौजेतून सुभेदार होऊन आलेले. मावशी गेल्यापासून बापलेक दोघंच एकमेकांना धरून होते. आबांना एकाच गोष्टीचा माज होता, तो म्हणजे नजरेचा. सत्तरी उलटली तरी चष्मा नाही. सकाळी पेपर घेतला की टेंडर नोटीसपर्यंत सगळा वाचून काढायचे. गॅलरीतून लांबच्या गाडीचा नंबर वाचून दाखवायचे आणि म्हणायचे, "निशाणेबाज होतो रे सिद्ध्या, तुझ्यासारखा फ्रेमवाला नाही."

हे आबांचे डोळे तेवढे लक्षात ठेवा. पुढं सगळ्यांचा जीव तुटला, तो त्यांच्यासाठीच.

तर... माण तालुक्यात पूर्वी तात्याबा पेंटर म्हणून एक माणूस होऊन गेला. गावोगाव फिरायचा, खांद्याला रंगाची पत्र्याची पेटी. आणि चित्रं काढायचा ती बहुतेक मेलेल्या माणसांची.

माणमध्ये पाऊस नाही, शेती नाही. बाप्ये सगळे मुंबईला. कुणी तिकडंच मरायचा. घरात त्याचा साधा फोटो नसायचा. मग तात्याबा त्याच्या बायकोसमोर नाहीतर आईसमोर बसायचा आणि विचारत राहायचा. नाक कसं होतं? हसताना ओठ कुठल्या बाजूला जायचा? असं विचारून विचारून चेहरा काढायचा. आणि असा काढायचा म्हणतात, की म्हातारी आई चित्राला मिठी मारून रडायची.

ताईला त्याचं एक चित्र कुठंतरी दिसलं आणि तिला त्या माणसानं झपाटलं. झपाटलं हा शब्द मी सहज वापरत नाही.

"मला या माणसाशी बोलायचंय," ती म्हणाली.

"ताई, मेलाय तो."

"म्हणून काय झालं? चित्रातून बोलता येतं. त्याचं एक चित्र, शेजारी त्याला माझं एक उत्तर. असं प्रदर्शन करणार."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण ताईला कोण सांगणार?

दहिवडीच्या पुढं एक वाडी आहे. नाव सांगत नाही, उगाच लोक बघायला जातील. तिथं राहीबाई नावाची म्हातारी राहायची. दारात चार शेरडं, घरात एकटी. लग्न झालं आणि थोड्याच दिवसांत नवरा मुंबईला गोदीत गेला तो गेलाच. मातीसुद्धा गावाला आली नाही. तात्याबानं काढलेलं त्याचं चित्र तेवढं भिंतीवर होतं.

"लय झ्याक काढलंय," राहीबाई म्हणाली. "नाक तसंच. व्हट तसंच. पर साठ वरसं झाली बग बाई... त्यो माझ्याकडं बघत न्हाई."

"म्हणजे?"

"डोळं हायत. नजर न्हाई."

ताई चित्राजवळ गेली आणि तिच्या लक्षात आलं.

डोळ्यांत उजेडाचा ठिपका नव्हता.

आरशात बघा. तुमच्या बुबुळावर एक बारीक पांढरा ठिपका दिसेल. खिडकीचा, नाहीतर बल्बचा उजेड. चित्रकार तो सगळ्यात शेवटी देतो. तोवर चेहरा म्हणजे नुसता मुखवटा. ठिपका टेकवला की चित्र वळून तुमच्याकडं बघतं.

तात्याबाला हे येत नव्हतं म्हणावं, तर त्याच गावात त्यानं काढलेलं शाळामास्तरचं चित्र होतं. मास्तर तेव्हा जिवंत. त्याचे डोळे लखलखीत. ताई मग आणखी घरं फिरली. मेलेल्या माणसाच्या एकाही चित्रात ठिपका नाही. म्हणजे म्हाताऱ्यानं मुद्दाम दिलेला नव्हता.

"घाबरट होता हा तात्याबा," परत येताना गाडीत ताई म्हणाली. तिच्या मांडीवर राहीबाईच्या नवऱ्याचं चित्र होतं, प्रदर्शनापुरतं मागून आणलेलं. "मी राहीबाईंना शब्द दिलाय. असं चित्र काढून देते, की तो त्यांच्याकडं बघेल."

मला त्यात वाईट काही वाटलं नाही. तुम्हाला तरी वाटलं असतं का?

घरी मागच्या खोलीत तिनं चित्र टेकवायच्या एका लाकडी घोड्यावर तात्याबाचं चित्र ठेवलं आणि समोर आपला कॅनव्हास. चेहरा झाला. आता डोळे. ताईची कामाची एक पद्धत आहे. उजेड ती मनानं काढत नाही, जिवंत माणसाच्या डोळ्यांत बघूनच काढते. म्हणून तिनं आबांना खिडकीजवळ बसवलं.

"हलायचं नाही हं, आबा."

"अगं, सियाचीनला संत्री ड्युटी केलीय मी. हलतोय कशाला?"

आबांच्या डोळ्यांत बघून तिनं ब्रशच्या टोकानं दोन ठिपके दिले.

ताई म्हणते, त्या क्षणी ती मागं सरकली. तो माणूस तिच्याकडं बघत होता.

दुपारी जेवून दोघं आडवी झाली. उठून ताई खोलीत गेली, तर...

ठिपके नव्हते.

पुसलेले नव्हते. त्यांच्यावर तपकिरी रंग दिलेला होता. अगदी बेतानं, बुबुळाच्या रंगात रंग मिळवून.

"आबा! माझ्या चित्राला हात लावलात?"

"मला काय येड लागलंय? मी पेपर वाचत होतो. आणि तो तरी धड छापतायत कुठं आजकाल, अक्षरं सगळी पुसट."

अक्षरं पुसट. हे ताईनं ऐकलं आणि सोडून दिलं.

तिनं आबांना परत बसवलं. परत ठिपके दिले. दुसऱ्या दुपारी परत गेले. या वेळी तिनं भिंग घेऊन बघितलं. ब्रशचे फटकारे उलट्या बाजूला कललेले होते. डावखुऱ्या माणसाचे असतात तसे. घरात डावखुरं कुणी नाही.

ताईनं हळूच मान वळवून तात्याबाच्या चित्राकडं बघितलं.

त्यातले सगळे फटकारे तसेच होते.

पुढच्या खेपेला तिनं खोलीला कुलूप घातलं. किल्ली मुठीत धरून बाहेर पॅसेजमध्ये खुर्ची टाकून बसली. आबा झोपलेले. कॉलनीत चिटपाखरू नाही. लाइट गेलेली, त्यामुळं फॅनचाही आवाज नाही.

आणि आतून...

टिंग. टिंग. टिंग.

कुणीतरी ब्रश धुऊन पत्र्याच्या डब्याच्या काठावर आपटत होतं.

ताईच्या खोलीत पत्र्याचा डबाच नाही. ती काचेच्या बरण्या वापरते.

मग दाराखालून विडीचा वास आला. तिनं कुलूप काढलं. आत कुणी नव्हतं. डोळ्यांवरचा रंग मात्र ओला होता.

तुम्ही-आम्ही असतो तर आधी सगळं बाहेर फेकलं असतं आणि मग आंघोळ केली असती. ताईनं काय केलं? ती भांडली!

"तात्याबा, तुमचं चित्र तुमचं, माझं माझं. तुम्हाला जमलं नाही म्हणून मला अडवू नका. त्या बाईला शब्द दिलाय मी."

ताई सांगते, समोरच्या चित्राचा चेहरा त्या वेळी कमालीचा दमलेला वाटला.

मग हा खेळच झाला. ती ठिपका द्यायची, तो मिटवायचा. दर खेपेला आबा खिडकीत बसायचे, आणि दर खेपेला त्यांचा पेपर आणखी पुसट व्हायचा. शेवटी डॉक्टरांना दाखवलं. मोतीबिंदू नाही, पडदा चांगला, वयाचा परिणाम म्हणाले. आबा चष्म्यावर चिडले, दुकानदारावर चिडले, माझ्यावर चिडले. ताई सोडून सगळ्यांवर.

प्रदर्शन तोंडावर आलं तेव्हा ती चित्र घेऊन माझ्या शेडवर आली.

"काच लाव."

"ताई, तैलचित्राला काच लावतात का? चमकतं. माणसं हसतील मला."

"लाव म्हटलं ना! मागून पट्टी मारून सील कर. हात शिरायला फट राहता कामा नये."

मी लावली. ठिपके तिनं सकाळीच दिले होते. त्या दोन डोळ्यांशी नजरानजर झाली आणि मला सरळ बघवेना. मी फ्रेम भिंतीकडं तोंड करून ठेवली, शटर ओढलं आणि घरी गेलो.

सकाळी शटर उघडलं...

फ्रेम माझ्याकडं तोंड करून होती. आणि काचेवर, बाहेरून, बरोबर दोन्ही डोळ्यांवर तपकिरी रंगाचे दोन फटकारे. आधीचे फटकारे बेतानं मारलेले होते. हे घाईचे होते. रंग ओघळून खाली आला होता.

हे मी ऐकलेलं नाही. माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

ताई आली. टर्पेंटाइनचा बोळा घेतला आणि काच लख्ख पुसली.

"हरला म्हातारा," ती म्हणाली आणि हसली. मला हसू आलं नाही.

त्यानंतर कुणी आलं नाही. ना डब्याचा आवाज, ना विडीचा वास.

उद्घाटनाला आबा कडक इस्त्रीचा कोट घालून आले. लेकीचं कौतुक बघायला पहिल्या रांगेत. सगळे चित्रांकडं वळले, आबाही त्या चित्रासमोर जाऊन उभे राहिले. हळू आवाजात म्हणाले,

"संयोगिता, लाइट गेली का गं?"

हॉलमधले सगळे दिवे चालू होते.

मी आबांच्या तोंडाकडं बघितलं. डोक्यावर एवढा झगमगाट, पण आबांच्या डोळ्यांत एक ठिपका नव्हता. दोन्ही बुबुळं कोरडी, मातीच्या बैलाला असतात तशी.

आणि काचेमागून तो माणूस आमच्याकडं टकामका बघत होता.

मिरजेचे डॉक्टर झाले, पुण्याचे झाले. सगळ्यांचं एकच, "डोळ्यात दोष नाही." दोष नाही तर दिसत का नाही, ते कुणी सांगेना. ताईनं दोन्ही चित्रं राहीबाईला पोचवली. शब्द दिलेला होता, आणि खरं सांगायचं तर तिला ते चित्र घरात नकोच होतं. काय झालंय ते तिला कळलं होतं. पण कळलं म्हणून कबूल करायला छाती लागते.

मग एका दुपारी आबा खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाले,

"त्या बाईला म्हणावं, रडू नको."

"कुठल्या बाईला, आबा?"

"ही काय समोर बसलीय. म्हातारी. ताटात भाकरी तशीच हाय. आणि ते शेरडू आत आलंय बघ, हाकला म्हणावं त्याला."

ताईनं तिथूनच मला फोन लावला.

शेजारच्या अंकिताला आबांजवळ बसवून आम्ही त्याच पावली निघालो. विटा, मायणी, दहिवडी. ताईच्या मांडीवर कापसाचं पुडकं आणि टर्पेंटाइनची बाटली. मी सगळ्या वाटेनं बडबडत होतो, ते भीतीनं.

राहीबाई खरंच चित्रासमोर बसलेली होती. गालांवर वाळलेले ओघळ, पण तोंडावर असं हसू, की नवी नवरी असावी.

"बगतोय गं बाई माझ्याकडं," ती म्हणाली. "तात्याबाला किती इनवलं हुतं म्या, नजर दे म्हणून. त्यो म्हनायचा, राहीबाई, ती कुणाकडनं तरी आणावी लागती. म्या कुणाची आणू?"

ताईनं कापसाचं पुडकं फोडलं.

तेव्हा कुठं आम्हाला कळलं, की तो म्हातारा आमच्या घरी भांडायला येतच नव्हता.

मी फ्रेमच्या पट्ट्या उचकटल्या, काच काढली. ताईनं बोळा भिजवला. राहीबाई मध्ये पडली नाही. नुसती बघत राहिली, तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ताईनं हात उचलला, आणि फोन वाजला.

"दीदी," अंकिता म्हणाली, "आबा ओरडायलेत, आत्ताच बोलायचंय म्हणतात."

मी स्पीकर चालू केला.

"संयोगिता..." तिकडून आबा म्हणाले. "अगं, किती वाळलीस गं! केस कधी पिकले तुझे? हल नको. जरा उजेडात सर, बघू दे मला. मागं सिद्ध्या हाय का? टक्कल पडलंय की रे तुला!"

आबांना ताई दिसत होती. कित्येक महिन्यांनी.

आता पुसायचं कसं, सांगा. पुसलं तर नजर परत आबांकडं येईल, की आहे तीही जाईल? ज्याला माहीत होतं, त्याला तर आम्हीच काच लावून बाहेर ठेवलं होतं.

ताई बोळा हातात धरून हमसून हमसून रडली. आणि नाही पुसलं तिनं.

नंतर तिनं राहीबाईच्या पाया पडून चित्र मागितलं. राहीबाई नाही म्हणाली. "तुझ्या बापाला तू हायस. मला ह्येच्याबिगर कोण हाय? भावकीला सांगून ठिवलंय म्या. मी गेले की ह्येला माझ्यासंगंच ठिवायचा सरणावर."

तेव्हापासून ताई जमेल तेव्हा वाडीला जायची. नुसती चित्रासमोर उभी राहायची, नवी साडी नेसून, हसतमुखानं. इकडं आबा फोनवर बोलायचे. "ही साडी बरी हाय. औषधं घेतेस का? डोळ्यांखाली काळं दिसतंय."

गेल्या महिन्यात सकाळी चहाच्या वेळी आबा म्हणाले, "म्हातारी आज उठली नाही गं अजून."

थोड्या वेळानं म्हणाले, "माणसं आत यायला लागलीत."

आणि मग, "मला भिंतीवरून काढतायत."

गाडी मी कशी पळवली, ते माझं मला माहीत. पोचलो तेव्हा अग्नी दिलेला होता. चित्र राहीबाईच्या उशाशी टेकवून ठेवलेलं, तोंड आमच्याकडं. बायका जात नाहीत तिथं, पण ताईला कोण अडवणार? ती धावत पुढं गेली. भावकीच्या माणसांनी तिला धरली. चित्र काढायला जाळ मध्ये आला होता.

मी आबांना फोन लावला आणि तिच्याजवळ नेऊन धरला.

ताईनं डोळे पुसले. केस नीट केले. जाळापासून जितकं जवळ उभं राहता येईल, तितकं जवळ उभी राहिली. आणि हसली.

"आबा, दिसतेय का मी?"

"दिसतेस... दिसतेस..." तिकडून आवाज आला. "धूर लय झालाय. पण दिसतेस. मागं सर पोरी, भाजशील!"

ती सरकली नाही.

"मागं सर म्हटलं ना!"

मग आबा गप्प झाले. ताई मात्र कितीतरी वेळ तशीच हसत उभी होती.

चित्र जळून राख झालं, हे मी स्वतः बघितलंय. आता आबांना काही दिसायला नको. नजर चित्राबरोबर जळाली असेल, नाहीतर राहीबाईसोबत पलीकडं गेली असेल. पण परवा दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी एकदम हात वर केला, पहाऱ्यावर अनोळखी माणसाला थांबवतात तसा.

"आबा, कोण आहे?" ताईनं विचारलं.

"ओळख पटू दे," आबा म्हणाले. "मग सांगतो."

अजून सांगितलेलं नाही. ताईनं ब्रशला हात लावणं सोडलंय. आणि मी दुपारी त्या घरी एकटा थांबत नाही.